साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले विज्ञान

१९५६ साली अमेरिकेत गर्भवती स्त्रियांसाठी ‘बेन्डेक्टिन’ नावाची गोळी मान्य झाली. पहिल्या तीन महिन्यांतली मळमळ, सकाळच्या कोरड्या उलट्या, अन्नाचा वासही नकोसा होणे, हे जिने सोसले आहे तिला या गोळीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या सत्तावीस वर्षांत कोट्यवधी स्त्रियांनी ती घेतली. १९८३ साली कंपनीनेच ती बाजारातून काढून घेतली. कोणत्याही सरकारी यंत्रणेने तिच्यावर बंदी घातली नव्हती. कंपनीला दावे झेपेनासे झाले होते. गर्भारपणात ही गोळी घेतली आणि मूल हातापायांत व्यंग घेऊन जन्माला आले, अशा तक्रारीचे सुमारे दोन हजार दावे अमेरिकेतल्या न्यायालयांत दाखल झाले. या दाव्यांतून एक नियम जन्माला आला. न्यायालयात तज्ज्ञ म्हणून कोणी बोलावे, आणि त्याचे बोलणे ज्युरीपर्यंत जाऊ द्यायचे की नाही हे कोणी ठरवावे, याचा तो नियम. इजा झालेल्या माणसाला भरपाई मिळणार की नाही, हे आज अमेरिकेत अनेकदा या एकाच टप्प्यावर ठरते.

आईवडिलांचा संशय निराधार होता असे तेव्हा कोणी म्हणू शकले नसते. थॅलिडोमाइडची आठवण ताजी होती. १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीला आलेल्या त्या औषधाने हजारो मुले हातापायांविना जन्माला आली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तिथे मागे घ्यावे लागले. अमेरिकेत ते विकायला निघालेली कंपनी होती रिचर्डसन-मेरेल. अन्न व औषध प्रशासनातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी परवानगी रोखून धरली, म्हणून अमेरिकेत तो अनर्थ मोठ्या प्रमाणावर घडला नाही. याच कंपनीचे कोलेस्टेरॉल कमी करणारे ‘मेर-२९’ हे औषध १९६२ साली मागे घ्यावे लागले होते. त्याने लोकांना मोतीबिंदू होत होता, आणि कंपनीने सरकारपासून चाचण्यांची खरी माहिती दडवली होती. बेन्डेक्टिनही याच कंपनीचे. अशा कंपनीने ‘आमची गोळी निर्धोक आहे’ म्हटले तर कोणत्या आईने विश्वास ठेवावा?

तरीही संशय आणि पुरावा यांच्यात अंतर असते, आणि इथे ते फार मोठे होते. हात किंवा पाय अपुरा वाढणे हे व्यंग औषधाशिवायही होते. हजारातल्या एकापेक्षा कमी बाळांत, पण होते. एखादी गोळी लाखो गर्भवती घेत असतील, तर ती पाण्याइतकी निरुपद्रवी असली तरी त्यांच्यापैकी शेकडो जणींची मुले असे व्यंग घेऊन जन्मणारच. त्या प्रत्येक आईला आपण घेतलेली गोळी आठवणार. तिच्या दृष्टीने कारण समोर आहे, परिणाम मांडीवर आहे. दोन्हींचा संबंध खरा आहे की नाही, हे तिच्या एकटीच्या अनुभवातून कधीच कळू शकत नाही. ते कळायला गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या हजारो स्त्रियांची तुलना करावी लागते. म्हणजे तज्ज्ञ लागतो.

इंग्रजी कायद्यात तज्ज्ञाला आजची जागा मिळाली ती १७८२ च्या सुमारास, नॉरफोक परगण्यातल्या वेल्स बंदराच्या वादात. बंदर गाळाने भरत होते आणि एका जमीनदाराने घातलेल्या बांधामुळे ते भरते आहे का, हा प्रश्न होता. एडिस्टनचे दीपगृह बांधणारा जॉन स्मीटन जमीनदाराच्या बाजूने उभा राहिला. त्याने डोळ्यांनी पाहिलेली घटना सांगायची नव्हती, मत द्यायचे होते. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ते मत ग्राह्य ठरवले. तेव्हापासून तज्ज्ञ हा पक्षकाराने आणलेला, पक्षकाराने मोबदला दिलेला साक्षीदार झाला. पुढच्या दोनशे वर्षांतल्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात, असे मला वाटते. साधा साक्षीदार पैसे घेऊन साक्ष देऊ लागला तर त्याला आपण खोटा म्हणतो. तज्ज्ञाला मात्र पैसे दिल्याशिवाय तो येतच नाही.

अमेरिकेने या साक्षीवर पहिला मोठा लगाम घातला तो १९२३ साली, आणि तो खटला खुनाचा होता. वॉशिंग्टनमधल्या जेम्स फ्राय याच्यावर एका डॉक्टरच्या खुनाचा आरोप होता. त्याच्या वकिलांनी विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाला आणले. रक्तदाबाच्या चढउतारावरून माणूस खोटे बोलतो का हे सांगता येते, असा मार्स्टनचा दावा होता. (हाच मार्स्टन पुढे ‘वंडर वूमन’ या चित्रकथेचा निर्माता झाला.) अपील न्यायालयाने जेमतेम दोन पानांचा निवाडा दिला: एखादे तत्त्व त्या त्या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांत सर्वसाधारणपणे मान्य झालेले असल्याशिवाय त्यावर आधारलेली साक्ष घेता येणार नाही. फ्रायची शिक्षा कायम राहिली. त्या दोन पानांचा नियम मात्र सत्तर वर्षे टिकला.

तो बरीच वर्षे मुख्यतः फौजदारी खटल्यांतच वापरला गेला. अपघात आणि औषधांच्या दाव्यांत न्यायाधीश सैल असत. पदवी आहे, अनुभव आहे, मग बोलू द्या; खरेखोटे उलटतपासणीत कळेल आणि ज्युरी ठरवील. १९७५ मध्ये संघराज्याच्या न्यायालयांसाठी पुराव्याचे लिखित नियम आले. त्यातल्या ७०२ व्या नियमाने ज्ञान, कौशल्य, अनुभव किंवा शिक्षण असलेल्या माणसाला मत देण्याची मुभा दिली. ‘सर्वसाधारण मान्यता’ हे शब्द त्यात नव्हते. फ्रायचा नियम संपला की चालू आहे, यावर न्यायालयांत एकमत राहिले नाही.

बेन्डेक्टिनचे दावे याच सैल काळात सुरू झाले. पहिला खटला १९८० साली फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत चालला. ज्युरीने आईवडिलांना औषधपाण्याच्या खर्चापोटी २०,००० डॉलर दिले आणि व्यंग असलेल्या मुलाला काहीच दिले नाही. गोळीमुळे व्यंग आले असेल तर मुलाला भरपाई हवी. आले नसेल तर आईवडिलांनाही पैसे कशाला? हा निकाल म्हणजे दयेने केलेली तडजोड होती हे उघड दिसत होते. न्यायाधीशांनी फेरसुनावणी लावली आणि दुसऱ्या वेळी कंपनी जिंकली. पुढे शेकडो दावे सिनसिनाटीत एकत्र करून न्यायाधीश कार्ल रुबिन यांच्यापुढे चालले. त्यांनी ज्युरीपुढे एकच प्रश्न ठेवला: बेन्डेक्टिनमुळे व्यंग येते का? ज्यांचे व्यंग डोळ्यांना दिसते अशा मुलांना त्यांनी न्यायदालनात बसू दिले नाही. मार्च १९८५ मध्ये ज्युरीने ‘नाही’ असे उत्तर दिले. ज्या मुलांच्या शरीराबद्दल खटला चालला आहे त्यांनाच दाराबाहेर ठेवायचे, हे वाचताना आजही पोटात कालवते. रुबिन यांचे म्हणणे मात्र समजण्यासारखे होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या चिमुकल्या हातांत नव्हते, आणि ते हात समोर असताना ज्युरीला दुसरे काही दिसले नसते. दोन वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या एका ज्युरीने एका मुलासाठी साडेनऊ कोटी डॉलर मंजूर केले आणि वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. गोळी तीच, शास्त्र तेच. निकाल मात्र आकाशपाताळाइतके वेगळे.

या खटल्यांत वादींच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे डॉ. विल्यम मॅकब्राइड होते. डिसेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून थॅलिडोमाइडविषयी इशारा देणारे तेच हे डॉक्टर. त्यांच्या शब्दाला जगभर वजन होते. ते एकदा बरोबर ठरले होते, आणि ते बरोबर ठरणे लहानसहान नव्हते. पुढे सशांवरच्या एका प्रयोगात त्यांनी आकडे बदलल्याचे त्यांच्याच सहाय्यकांच्या लक्षात आले. प्रयोग वेगळ्या औषधावरचा होता. १९८८ मध्ये चौकशी समितीने त्यांना वैज्ञानिक लबाडीबद्दल दोषी ठरवले आणि १९९३ मध्ये त्यांचे नाव वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. मला हा या सगळ्या कथेतला सर्वांत दुःखद माणूस वाटतो. कोणत्याही ज्युरीने त्यांच्यावर विश्वास ठेवला असता, आणि तो त्यांच्या पूर्वीच्या कामगिरीकडे पाहूनच ठेवला असता. माणसाच्या मोठेपणावरून त्याच्या आजच्या मताची खात्री देता येत नाही, हे उलटतपासणी करणाऱ्या वकिलाला सिद्ध करून दाखवणे किती अवघड गेले असते!

इतिहास घडवणारा दावा सॅन दिएगोतल्या दोन कुटुंबांचा होता. ‘डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाऊ’ या नावाने तो ओळखला जातो; मेरेल डाऊ हे बेन्डेक्टिनच्या कंपनीचे तोवर झालेले नाव. कंपनीने एका साथरोगतज्ज्ञाचे शपथपत्र दिले. एक लाख तीस हजारांहून अधिक रुग्णांवर आधारलेले तीसहून जास्त प्रसिद्ध अभ्यास त्याने वाचले होते, आणि त्यातल्या एकातही बेन्डेक्टिनमुळे व्यंग येत असल्याचे आढळले नव्हते. वादींनी आठ तज्ज्ञ आणले. त्यांचा आधार होता प्राण्यांवरचे आणि काचपात्रातले प्रयोग, गोळीच्या रासायनिक रचनेचे घातक रसायनांशी असलेले साम्य, आणि जुन्याच अभ्यासांतल्या आकड्यांची नव्याने केलेली मांडणी. ही नवी मांडणी कुठेही प्रसिद्ध झालेली नव्हती. १९८९ मध्ये साक्षीपुराव्याची सुनावणी न होताच दावा निकालात निघाला. १९९१ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की यांनी १९२३ च्या फ्रायचा दाखला देऊन तो निर्णय कायम केला.

सर्वोच्च न्यायालयात ३० मार्च १९९३ रोजी सुनावणी झाली. संस्थांनी आणि गटांनी मिळून बावीस निवेदने पाठवली. नोबेलविजेते एका बाजूला, तर स्टीफन जे गूल्ड यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि विज्ञानाचे इतिहासकार दुसऱ्या बाजूला. न्यायालयांत भोंदू विज्ञान माजले आहे असे सांगणारे पीटर ह्यूबर यांचे पुस्तक दोनच वर्षांपूर्वी गाजले होते. त्याला उत्तर देणारे म्हणत की आजचे पाखंड उद्याचे सत्य असू शकते, आणि बहुमताने विज्ञान चालत नाही.

२८ जूनला निकाल आला. तो लिहिला होता न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी. न्यायाधीश होण्यापूर्वी ते मेयो क्लिनिकचे वकील होते. डॉक्टर कसे विचार करतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. नऊही न्यायमूर्तींचे एका गोष्टीवर एकमत झाले: १९७५ च्या नियमांनी फ्रायचा नियम संपवला आहे. त्या दिवशी कागदोपत्री तरी वादी जिंकले. पण ब्लॅकमन तिथे थांबले नाहीत. साक्ष विश्वासार्ह पद्धतीवर उभी आहे की नाही हे न्यायाधीशाने आधी तपासलेच पाहिजे, असे त्यांनी लिहिले. मांडलेले गृहीतक कसोटीला लावता येते का, लावले गेले आहे का? ते इतर शास्त्रज्ञांच्या नजरेखालून जाऊन प्रसिद्ध झाले आहे का? त्या पद्धतीत चुकीचे प्रमाण किती? आणि हो, त्या क्षेत्रात ती कितपत मान्य आहे? यांतला कोणताही प्रश्न एकटा निर्णायक नाही, असेही त्यांनी बजावले. निवाड्यात कार्ल पॉपर यांचा हवाला आहे. सरन्यायाधीश रेनक्विस्ट आणि न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांना इथे पुढे जाणे मान्य नव्हते. खोटे ठरवता येण्याची कसोटी म्हणजे नक्की काय हे मलाच उमगत नाही, मग जिल्ह्यातल्या न्यायाधीशांना हौशी शास्त्रज्ञ व्हायला का लावता, असा रेनक्विस्ट यांचा सवाल होता. तो सवाल मला आजही प्रामाणिक आणि रास्त वाटतो. कायदा शिकलेल्या माणसाने सांख्यिकीच्या प्राध्यापकाची पद्धत तपासायची, आणि तीही प्रकरणे तुंबलेली असताना.

खटला परत कोझिन्स्कींकडे गेला. जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी पुन्हा वादींच्या विरुद्ध निर्णय दिला, आणि स्वतःची एक कसोटी वाढवली: हे संशोधन दाव्याच्या आधी, स्वतंत्रपणे झाले आहे का, की साक्ष देण्यासाठीच केले आहे? वादींच्या एकाही तज्ज्ञाने या दाव्यांत बोलावले जाण्यापूर्वी बेन्डेक्टिन आणि हातापायांचे व्यंग यांचा अभ्यास केलेला नव्हता. शिवाय दिवाणी दाव्यात ‘असण्याचीच शक्यता जास्त’ एवढे सिद्ध करावे लागते. त्याचा अर्थ त्यांनी आकड्यात केला: गोळीने व्यंगाचा धोका निदान दुप्पट व्हायला हवा. बहुतेक तज्ज्ञ तेवढे म्हणायला तयार नव्हते. गोळीने व्यंग येऊ शकते, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

बेन्डेक्टिनच्या बाबतीत हा निकाल योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच दोन घटकांची, डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनची, गोळी पुन्हा मान्य केली. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांतही हे मिश्रण मिळते आणि गावोगावचे डॉक्टर गर्भवतींना ते देतात. मधली तीस वर्षे अमेरिकेतल्या बायका मान्यताप्राप्त गोळीवाचून उलट्या सोसत राहिल्या, हेही या दाव्यांचेच फळ.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. डॉबर्टचा नियम जिथे घडला तिथे तीस अभ्यास हाताशी होते. ते का होते? कोट्यवधी स्त्रियांनी गोळी घेतली होती, थॅलिडोमाइडनंतर सगळे जग सावध झाले होते, म्हणून. कारखान्यातल्या, विजेच्या खांबावरच्या, रस्त्यावरच्या माणसाला झालेल्या इजेवर असे अभ्यास कोण करणार?

१९९७ चा ‘जनरल इलेक्ट्रिक विरुद्ध जॉइनर’ पाहा. जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिल गावच्या पाणी-वीज खात्यात वादी १९७३ पासून इलेक्ट्रिशियन होता. ट्रान्सफॉर्मर थंड ठेवणाऱ्या द्रवात त्याला हात कोपरापर्यंत घालावे लागत. कधी तो द्रव डोळ्यांत, तोंडात उडे. १९८३ मध्ये त्यातल्या काही ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी ही रसायने सापडली. त्यांचे उत्पादन अमेरिकेने १९७८ मध्येच जवळजवळ बंद केले होते. १९९१ मध्ये त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला. तो काही वर्षे सिगारेट ओढत होता, घरातही त्या रोगाचा इतिहास होता. तरी रसायनाने रोगाला चालना दिली असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या तज्ज्ञांनी उंदरांच्या पिल्लांवरचे प्रयोग आणि कामगारांवरचे चार अभ्यास पुढे केले. पिल्लांना प्रचंड मात्रा थेट पोटात टोचली होती आणि त्यांची गाठ वेगळ्या प्रकारची होती, म्हणून ते प्रयोग बाजूला पडले. कामगारांचे अभ्यास एकेक करून अपुरे ठरले. केवळ तज्ज्ञ म्हणतो म्हणून पुरावा आणि निष्कर्ष यांतली दरी भरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. साक्ष नाकारण्याच्या बाबतीत खालच्या न्यायाधीशाला मोठी मोकळीक आहे, असेही ठरले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी एक गोष्ट दाखवून दिली: वेगवेगळे अपुरे पुरावे एकत्र ठेवून त्यांचे वजन जोखायचे, ही पद्धत सरकारचे पर्यावरण खातेच धोका ठरवताना वापरते. सरकारने नियम करताना ती शास्त्र ठरते. कामगाराने दाव्यात वापरली की ती एकेक तुकडा करून नाकारता येते.

दोन वर्षांनी टायरचा खटला आला. जुलै १९९३ मध्ये अलाबामात एका मिनीव्हॅनचा मागचा टायर फुटला. एक जण ठार झाला, इतर गंभीर जखमी झाले. कुटुंबाने आणलेल्या तज्ज्ञाने दहा वर्षे मिशेलिनमध्ये काम केले होते. त्याने टायर डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून दोष बनावटीतला आहे असे सांगितले. टायर पाच वर्षांचा होता, काही ठिकाणी पार गुळगुळीत झालेला, दोन पंक्चर नीट न काढलेला. आणि तज्ज्ञाने तो प्रत्यक्ष हातात घेतला तो जबानीच्या दिवशी सकाळी. २३ मार्च १९९९ रोजी न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी लिहिले की साक्ष आत येऊ द्यायची की नाही हे ठरवण्याचे, न्यायाधीशाचे द्वारपालाचे काम शास्त्रज्ञांपुरते नाही. अभियंता, कारागीर, अनुभवाच्या जोरावर बोलणारा कोणीही असो, न्यायाधीशाने त्याची पद्धत तपासायचीच.

ब्रेयर यांनी जॉइनरच्या वेळी एक वेगळी वाट सुचवली होती: तज्ज्ञ पक्षकारांनी आणण्याऐवजी न्यायालयानेच नेमावेत. सिलिकॉनच्या स्तनरोपणाविरुद्धच्या हजारो दाव्यांत न्यायाधीश सॅम्युएल पॉइंटर यांनी १९९६ मध्ये चार शास्त्रज्ञांची अशी समिती नेमली. तिने १९९८ च्या अखेरीस अहवाल दिला: संधिवातासारख्या रोगांशी रोपणाचा संबंध दिसत नाही. कोणाच्याही वकिलाने न निवडलेल्या माणसांनी दिलेले हे उत्तर होते. माझ्या मते सगळ्या प्रयोगांत हाच मार्ग सर्वांत स्वच्छ होता, आणि तोच सर्वांत कमी वापरला गेला. कारण साधे आहे: आपला तज्ज्ञ आपण निवडण्याचा हक्क कोणताही वकील सुखासुखी सोडत नाही. नियम मात्र घट्ट होत गेला. २००० साली ७०२ व्या नियमात डॉबर्टच्या कसोट्यांचे सार घातले गेले आणि १ डिसेंबर २०२३ पासून साक्ष विश्वासार्ह असल्याचे दाखवण्याचा भार ती आणणाऱ्या पक्षावर आहे हे स्पष्ट लिहिले गेले.

आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे प्रश्नाचे रूप वेगळे. ज्याने दार सांभाळायचे तोच आत बसून निकाल देतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते ३९ वे कलम आहे. त्या मताची पद्धत कशी तपासायची हे कलमात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हिमाचलातल्या सफरचंदांच्या एका खटल्यात म्हटले की तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष न देता तो पडताळून पाहण्याचे निकषही न्यायाधीशापुढे ठेवले पाहिजेत.

इजेच्या दाव्यांत हा वाद पेटला तो डॉक्टरांच्या निष्काळजीपणावरून. मूत्रपिंडे निकामी झालेल्या एका रुग्णाला मुंबईत अमिकॅसिन हे प्रतिजैविक दिले गेले आणि त्याची ऐकण्याची शक्ती गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याला भरपाई मंजूर केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि पुढे जाऊन सांगितले की डॉक्टरविरुद्धची कोणतीही तक्रार आधी सक्षम डॉक्टरकडे किंवा समितीकडे मतासाठी पाठवावी; त्यात प्रथमदर्शनी निष्काळजीपणा दिसला तरच नोटीस काढावी. म्हणजे डॉक्टरविरुद्ध दाद मागायची तर दार दुसऱ्या डॉक्टरने उघडायचे. पुढच्याच वर्षी हैदराबादचे प्रकरण आले. तापाने फणफणलेल्या बाईवर विषमज्वराचे उपचार झाले होते; तिला हिवताप होता, आणि ती दगावली. तज्ज्ञ साक्षीदार आणला नाही म्हणून राज्य आणि राष्ट्रीय आयोगांनी नवऱ्याला परत पाठवले होते. न्यायमूर्ती गांगुली आणि सिंघवी यांच्या पीठाने म्हटले की तज्ज्ञाची अट सरसकट लावता येणार नाही, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या पीठाने ती केवळ फौजदारी तक्रारींपुरती सांगितली होती. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तिथे मंचाने तज्ज्ञ बोलवावा. चूक उघड दिसत असेल तिथे नको. जिल्हा मंचाने त्या नवऱ्याला दिलेले आणि वरच्या आयोगांनी नाकारलेले दोन लाख रुपये न्यायालयाने पुन्हा मंजूर केले.